इंजिन बदलायचे, तर आधी फायरवॉल

मूळचे सातारा जिल्ह्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमधल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहासाठी ते गच्चीवरून उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले गेले आणि लोकांच्या नजरेत भरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी त्याची नोंदणी केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी-उड्डाण झाले. विमान बांधण्याची खटपट १९९८ पासूनची. बातम्यांत पंख दिसले, पंखा दिसला, गच्ची तर दिसलीच. इंजिन आणि वैमानिकाचे गुडघे यांच्यामध्ये जो पत्रा असतो त्याचे नाव मात्र कुणी काढले नाही. तोच हा फायरवॉल, आणि हा लेख त्याच्याबद्दल आहे.

सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणूनच ओळखला जात होता, आणि एका सांगाड्यात दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवण्याची हौस या दोन्ही जिल्ह्यांना सारखीच आहे. कूपरांनी साताऱ्यात स्वातंत्र्यापूर्वीच डिझेल इंजिने बनवली. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. अगदी अलीकडे, २०२१ च्या अखेरीस, कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून केलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली आणि तिच्या बदल्यात आनंद महिंद्रांनी त्यांना बोलेरो दिली. जीपचे इंजिन रस्त्यात बंद पडले तर चार माणसे उतरून ढकलतात. विमानात ती सोय नाही, म्हणून तिथे इंजिनाची अदलाबदल करताना हिशेब वेगळ्या ठिकाणाहून सुरू करावा लागतो.

हा पत्रा करतो काय

एका इंजिनाच्या छोट्या विमानात नाकापाशी इंजिन असते, त्यामागे फायरवॉल आणि लगेच वैमानिकाचे पाय. बऱ्याच विमानांत पेट्रोलची टाकीही फार लांब नसते. इंजिनाच्या खोलीत तापलेला एक्झॉस्ट, तेल, पेट्रोल आणि विजेच्या तारा एकत्र नांदतात. त्यातून भडका उडालाच तर ज्वाळा केबिनमध्ये यायला थोडा उशीर व्हावा, वैमानिकाला पेट्रोल बंद करून खाली उतरायला अवधी मिळावा, हे फायरवॉलचे पहिले काम.

हा अवधी अंदाजपंचे ठरवलेला नाही. विमान-नियमांत 'अग्निरोधक' म्हणवून घ्यायचे तर त्या भागाने सुमारे ११०० अंश सेल्सिअसची ज्वाळा १५ मिनिटे सोसायला हवी. त्याखालची पायरी ५ मिनिटांची आहे. नळ्यांसारख्या काही भागांना ती चालते, फायरवॉलला चालत नाही. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि विमानाचे मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतात. म्हणून सगळे विमान अ‍ॅल्युमिनियमचे असले तरी हा एक पत्रा पोलादाचा असतो.

दुसरे काम विषारी वायू अडवण्याचे. एक्झॉस्टला चीर पडली की कार्बन मोनॉक्साइड इंजिनाच्या खोलीत साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. फायरवॉलमध्ये पेन्सिल जाईल एवढे भोक उघडे राहिले तरी तो केबिनमध्ये झिरपतो आणि वैमानिकाला आपली बुद्धी मंदावल्याचेही कळत नाही. आग क्वचित लागते, पण ही गळती हौशी विमानांत अधिक आढळते, आणि ती जवळजवळ नेहमीच कुणीतरी बुजवायचे विसरलेल्या भोकातून होते.

तिसरे काम सांगाड्याचे. इंजिनाचा माउंट, म्हणजे नळ्यांचा तो पिंजरा, फायरवॉलच्या कोपऱ्यांना चार बोल्टांनी जोडलेला असतो. पत्रा स्वतः भार घेत नाही. भार जातो कोपऱ्यांमागच्या पोलादी कड्यांतून आणि तिथून शरीराच्या लांब पट्ट्यांत. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

किती जाड

जाडीचे आकडे वाचले की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. अमेरिकी नियमांनुसार वेगळी चाचणी न घेता मान्य होणारा स्टेनलेस स्टीलचा पत्रा ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर जाडीचा असतो. बाजारातल्या भाषेत २८ गेज. गंजू नये म्हणून मुलामा दिलेले साधे पोलाद वापरले तर ०.०१८ इंच, सुमारे ०.४६ मिलिमीटर. हौशी बांधणीच्या विमानांना हे नियम अक्षरशः लागू नसले तरी जाणकार तेच पाळतात. काही किटांत जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा येतो. तो चालतो, मात्र आगीत जस्त आधी जळते आणि त्याचा धूर होतो. मला स्टेनलेसचा पत्राच आवडतो.

लाकडी विमानांत प्लायवुडवर हा पत्रा चढवतात आणि दोन्हींच्या मध्ये उष्णतारोधक थर असतो. पूर्वी तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असे, आता सिरॅमिक तंतूंच्या नमद्याचा असतो. जुने विमान उघडायला घेतले आणि आत राखाडी, भुसभुशीत पुठ्ठ्यासारखा थर दिसला, तर त्याला हात लावण्याआधी तो कशाचा आहे हे कळून घ्या.

दोन इंजिने समोरासमोर

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. विमान जुन्या आराखड्याचे, त्यात अमेरिकी लायकॉमिंग ओ-२३५ हे सुमारे ११५ अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे इंजिन. त्याच्या जागी ऑस्ट्रियातले रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचे, बसवायचे आहे. कारणे उघड आहेत: ते हलके आहे, पेट्रोल कमी पिते आणि मोटारीचे पेट्रोल त्याला चालते. विमानाचे खास पेट्रोल आपल्याकडच्या छोट्या धावपट्ट्यांवर मिळवणे म्हणजे यातायात, त्यामुळे शेवटचे कारण पटकन पटते.

शक्ती जवळपास, मग काढले एक आणि बसवले दुसरे, इतके सोपे का नाही? दोन्ही इंजिनांची घडण मुळातच वेगळी आहे. लायकॉमिंग २७००–२८०० फेऱ्यांवर थेट पंखा फिरवते, तर रोटॅक्स ५८०० फेऱ्या घेते आणि २.४३ पट गिअरने पंख्याला २४०० च्या आसपास आणते. गंमत अशी की पंख्यावरचा पीळ दोघांचाही सारखाच, सुमारे ३०० न्यूटन-मीटर, निघतो. माउंटची गणिते करताना हा पीळ चार सिलिंडरच्या इंजिनाला दुप्पट धरायचा, कारण प्रत्येक स्फोटाचा धक्का सुटासुटा बसतो. म्हणजे ६००. इंजिन हलके आले म्हणून माउंट पातळ नळीचा करावा, हा मोह इथेच मोडतो.

गिअरमुळे आणखी एक गोष्ट होते. पंख्याचा अक्ष क्रँकशाफ्टच्या रेषेत न राहता वर सरकतो. जुन्या पंख्याची रेषा विमानात जिथून जात होती तिथूनच नवी न्यायची, तर इंजिन थोडे खाली बसवावे लागते. ते खाली गेले की एक्झॉस्ट फायरवॉलच्या तळाशी येतो आणि तिथला पत्रा तापतो. एक निर्णय दुसऱ्याला असा ओढत नेतो, आणि प्रत्येकाचा शेवट फायरवॉलवर एखादे भोक, कंस किंवा पट्टी यांत होतो.

तेलाचे पाहा. लायकॉमिंगचे तेल इंजिनाच्या पोटातच असते. रोटॅक्सची तेलटाकी वेगळी असते आणि बहुतेकदा ती फायरवॉलवरच टांगतात. ती कुठेही टांगून चालत नाही: टाकीतली तेलाची पातळी पंख्याच्या अक्षाच्या उंचीपासून खाली ४०० मिलिमीटरपर्यंतच असायला हवी. टाकी जास्त वर बसली तर विमान उभे असताना तेल ओघळून इंजिनात भरते, फार खाली गेली तर पंपाला ते ओढताना दम लागतो. म्हणजे फायरवॉलवर एक पट्टा आधीच राखून ठेवायला लागतो. तिथे पूर्वी बॅटरी किंवा पेट्रोलची गाळणी असेल तर तिला बिऱ्हाड हलवावे लागते.

वजनाचा हिशेब पत्र्याच्या आधी

हौशी माणूस पहिल्यांदा ड्रिल उचलतो. पहिल्यांदा कागद घ्यायला हवा.

विमान जिथे तोलून राहते तो गुरुत्वमध्य ठरावीक पट्ट्यातच असावा लागतो. शिंगणापूरची कावड खांद्यावर घेणाऱ्याला हे सांगायला नको: एका बाजूचा हंडा हलका झाला की खांदा तरी सरकवायचा नाही तर दांडी तरी. विमानात खांदा म्हणजे पंख, तो हलत नाही. दांडी तेवढी लांबवता येते.

हिशेबाला सोपे पडावेत म्हणून आकडे गोल घेऊ. गुरुत्वमध्य फायरवॉलच्या मागे १०० सेंटिमीटरवर, जुने इंजिन ११० किलो आणि त्याचा मध्य फायरवॉलच्या पुढे ५० सेंटिमीटरवर. दोन्ही अंतरे मिळून १५०. ११० गुणिले १५० म्हणजे १६,५०० किलो-सेंटिमीटर, इतका जोर नाक खाली ओढत होता. नवे इंजिन रेडिएटर, तेलटाकी सगळे धरून ८० किलो. त्याच जागी बसवले तर जोर भरतो १२,०००. तूट ४,५०० ची. ती भरली नाही तर शेपूट जड होते, आणि शेपूट जड झालेले विमान वेग कमी झाला की आवरत नाही.

नुसते इंजिन पुढे सरकवून तूट भरायची, तर ते सुमारे ५६ सेंटिमीटर पुढे न्यावे लागेल. एवढे लांब नाक हवेत सुकाणूचे काम करू लागते, तेही उलट्या दिशेने, आणि मग शेपटीचा उभा पंख अपुरा पडतो. म्हणून आधी बॅटरीकडे बघायचे. समजा ८ किलोची बॅटरी शेपटीकडे, गुरुत्वमध्याच्या मागे २५० सेंटिमीटरवर आहे. ती उचलून फायरवॉलवर आणली की ३५० सेंटिमीटरचा पल्ला पडतो आणि २,८०० ची भरपाई होते. उरले १,७००. त्यासाठी इंजिन २१ सेंटिमीटर पुढे पुरते, आणि तेवढा लांब माउंट करता येण्याजोगा आहे.

या हिशेबातून फायरवॉलचा नकाशा निघतो. बॅटरी येणार हे ठरले की तिच्या पेटीचा कंस ठरतो, त्याच्यामागे केबिनच्या बाजूने आडवी पट्टी ठरते, जाड केबलचे भोक ठरते. हिशेब न करता आधी पत्रा कापलेला असेल, तर तो पत्रा दुसऱ्यांदा कापण्याची तयारी ठेवा.

चार कोपरे हलवू नका

नव्या इंजिनाचे बोल्ट जुन्या माउंटला जुळत नाहीत. तेव्हा दोन वाटा असतात: फायरवॉलवर नवे आधारबिंदू तयार करणे, किंवा जुने चार कोपरे तसेच ठेवून दोन्हींना जोडणारा नवा माउंट करणे. माझा कौल दुसऱ्या वाटेला, आणि तो ठाम आहे. कोपऱ्यांतली कडी शरीराच्या पट्ट्यांशी जोडलेली आहेत, त्यांचा भार आराखडा करणाऱ्याने मोजलेला आहे. पत्र्याच्या मधोमध बोल्ट घातला तर ०.३८ मिलिमीटरच्या पत्र्यावर इंजिन टांगल्यासारखे होते. मागे कितीही पट्ट्या मारा, भार शेवटी कुठून तरी वळसा घालून कोपऱ्यांकडेच जातो.

साध्या प्रकारच्या विमानाचा माउंट ३.८ पट भार धरून करतात आणि त्यावर दीडपट सुरक्षा ठेवतात. ८० किलोचे इंजिन म्हणजे सुमारे ४५६ किलो. शिवाय आडवा झोक, पंख्याचा पीळ आणि कठीण उतरणीचे धक्के वेगळेच. माउंटची नळी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची, ४१३० या नावाची असते. तिचे वेल्डिंग जिगमध्ये बांधून, विमानाचे काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्यावे. दुधाच्या टँकरचे सुबक वेल्डिंग करणारा कारागीर आपल्याकडे सहज मिळतो, आणि त्याच्या हाताला तोड नसते. पण टँकर गळला तर दूध जाते. त्या कारागिराला फायरवॉलचा पत्रा द्या, माउंट देऊ नका.

भोके: जुनी बुजवा, नवी मोजा

खरे काम इथे आहे. जुन्या इंजिनासाठी फायरवॉलमधून काय काय जात होते? थ्रॉटलची केबल, मिश्रणाची केबल, कार्ब्युरेटर गरम करण्याची केबल, पेट्रोलची नळी, तेलदाबाची नळी, तापमापकांच्या तारा, मॅग्नेटोच्या तारा, स्टार्टरची जाड केबल आणि केबिन गरम करणाऱ्या हवेची पेटी. नव्या इंजिनाला यातले काही लागत नाही, काही दुप्पट लागते. रोटॅक्सला दोन कार्ब्युरेटर असतात, म्हणून थ्रॉटलची ओढ दोन ठिकाणी सारखी पोचवावी लागते. मिश्रणाची केबल गेली, चोकची आली. पेट्रोल परत टाकीकडे नेणारी नळीही घालतात, म्हणजे उन्हात उभ्या विमानाच्या नळीत वाफ अडकत नाही. माण-खटाव किंवा जतच्या मे महिन्यात विमान चालवायचे असेल तर ही नळी वगळण्याचा विचारही करू नये. पेट्रोलसाठी आता दोन भोके, आणि दोन्हींचे जोड पोलादाचे. अ‍ॅल्युमिनियमचा जोड फायरवॉलला लावला की १५ मिनिटांचा पत्रा दोन मिनिटांचा होतो, कारण जोड वितळून पेट्रोलच आगीवर ओतले जाते.

पेट्रोल बंद करण्याचा कॉक फायरवॉलच्या मागे, वैमानिकाच्या हाताशी असावा. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर आग लागल्यावर बंद करायची वस्तूच आगीत असते. इंजिनाच्या बाजूच्या पेट्रोल-तेलाच्या नळ्यांवर अग्निरोधक बाही चढवायची, आणि तिची टोके नीट बांधायची.

जुने भोक बुजवताना रबरी बूच किंवा सिलिकॉनचा लपका चालत नाही. त्याच जातीच्या स्टेनलेस पत्र्याचे ठिगळ कापायचे, भोकाच्या कडेबाहेर सगळीकडे दोनेक सेंटिमीटर येईल एवढे. दोन पत्र्यांच्या मध्ये विमानासाठीचे अग्निरोधक सीलंट फासायचे आणि पोलादी किंवा मोनेलच्या रिव्हेटांनी बसवायचे. इथे हमखास घोळ होतो, कारण बाजारात सहज मिळणारे पॉप रिव्हेट अ‍ॅल्युमिनियमचे असतात. चांगले ठिगळ वितळणाऱ्या रिव्हेटांनी लावले, तर आगीत आधी रिव्हेट जातात, मग ठिगळ गळून पडते आणि जुने भोक पुन्हा उघडते.

केबल जिथून जाते तिथे रबरी ग्रोमेट असतो. रबर जळते, म्हणून त्यावर दोन अर्ध्या तुकड्यांची स्टेनलेसची टोपी बसवतात. तिरकी जाणारी केबल असेल तर गोल डोळ्यासारखा फिरणारा जोड घेतात. तो केबलला घट्टही बसतो आणि तिला वाकूही देतो. तारांचा जुडगा एकाच मोठ्या भोकातून न्यायचा, तर तिथे पोलादी नळीचा तुकडा लावून त्यावर बाही ओढायची आणि आत सीलंट भरायचे. दहा छोट्या भोकांपेक्षा असे एक मोठे, नीट बांधलेले भोक बरे.

केबिन गरम करणाऱ्या हवेच्या पेटीचे झाकण जुन्या विमानांत अ‍ॅल्युमिनियमचे असते. इंजिन निघालेच आहे तर ते बदलून घ्या. आपल्याकडे हीटर फारसा लागत नाही; ती पेटी काढून तिथेही ठिगळ मारलेले मला जास्त पटते. फायरवॉलमध्ये जेवढी भोके कमी, तेवढे बरे.

स्टेनलेसचा हट्टीपणा

कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत ३०४ जातीचा पातळ पत्रा, तो कापायचे शेअरिंग मशीन आणि वाकवायचे बेंडिंग मशीन ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. साखर आणि दूध या दोन धंद्यांनी या भागाला स्टेनलेसचे काम शिकवले आहे. तरीही २८ गेजचा पत्रा त्यांच्या रोजच्या जाडीपेक्षा बराच पातळ. आर्गन वेल्डिंगला तो पटकन वेडावाकडा होतो, म्हणून शक्य तिथे वेल्डऐवजी रिव्हेट आणि सीलंट.

आधी पुठ्ठ्याचा, मग हार्डबोर्डचा साचा कापायचा. तो इंजिन टांगून प्रत्यक्ष लावून पाहायचा, केबलींच्या जागी पेन्सिलीने गोल काढायचे आणि थ्रॉटल पूर्ण मागे-पुढे करून केबल कुठे घासते का ते बघायचे. हार्डबोर्डवर भोक चुकले तर दहा रुपये गेले.

स्टेनलेसमध्ये भोक पाडताना ड्रिल जोरात फिरवले की पत्रा तापून कडक होतो, मग बिट नुसते चकाकते आणि भोक पडत नाही. फेऱ्या कमी, दाब जास्त, कोबाल्टचे धारदार बिट आणि कटिंग ऑइल. मोठ्या भोकाला पायऱ्यांचे बिट घ्या, मागे लाकूड दाबून धरा. भोकाच्या कडेचे बर कानशीने साफ करा, चौकोनी कापाचे कोपरे गोल ठेवा. पत्र्याला तडा जातो तो अशाच टोकदार कोपऱ्यातून, आणि इंजिनाचा थरथराट त्याला रोज पुढे ढकलतो. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना लागून असतील तिथे मध्ये प्रायमर किंवा सीलंटचा थर द्या, नाहीतर पावसाळ्यात अ‍ॅल्युमिनियमला पांढरी बुरशी धरते.

इंजिनाचा एखादा भाग, तेलगाळणी किंवा पंख्याचा गव्हर्नर, फायरवॉलला टेकत असेल तर तिथे आत खळगा करतात. तो खळगाही त्याच जाडीचा आणि त्याच धातूचा हवा. केबिनच्या बाजूला तो पायांच्या जागेत येतो, तेव्हा रडर पेडल पूर्ण दाबून बघितल्याशिवाय त्याला मंजुरी देऊ नका.

तळाची कड विसरली जाते. थंड करून आलेली गरम हवा तिथूनच बाहेर पडते. ती कड सरळ धारदार ठेवली तर हवा अडखळते. गोल वळवली तर सुटसुटीत निघते आणि इंजिनाचे तापमान उतरते. नव्या इंजिनाला नवे काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, लागणारच, त्याच वेळी हे करून घ्यावे.

केबिनच्या बाजूचा गोड गैरसमज

स्टेनलेसचा पत्रा ज्वाळा अडवतो, उष्णता अडवत नाही. एका बाजूला आग असेल तर दुसरी बाजू काही क्षणांत लाल होते. त्या दुसऱ्या बाजूला आवाज कमी करण्यासाठी फोम, गालिचा आणि रबरी गोंद लावलेला असेल तर तो पत्र्याला भोक न पडताच पेटतो. धूर थेट वैमानिकाच्या तोंडावर येतो. पत्रा परीक्षेत पास आणि माणूस नापास.

म्हणून उष्णतारोधक थर शक्यतो इंजिनाच्या बाजूला द्यावा: सिरॅमिक तंतूंचा नमदा, आणि त्यावर स्टेनलेसचा अगदी पातळ पत्रा किंवा फॉइल, कडा पूर्ण बंद. कडा उघड्या राहिल्या तर नमदा तेल पितो आणि वर्षभरात वातीसारखा तयार होतो. केबिनच्या बाजूला आवाजासाठी काही लावायचेच असेल तर त्याचा एक तुकडा आधी बाहेर नेऊन पेटवून बघा. पेटत असेल, ठिबकत असेल किंवा डोळे चुरचुरत असतील तर तो नको. बाजारात 'अग्निरोधक' असे छापलेले बरेच साहित्य मोटारींसाठीचे असते, त्याच्यावर विसंबू नये.

कागद, तराजू आणि पहिली धडधड

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना एका तरुणाचा जीव गेला. त्यात मोटारीचे इंजिन बसवले होते. चाचणीत पाते तुटून त्याच्या डोक्याला लागले. हुशारी त्याच्याकडे भरपूर होती. सोबत उभे राहून 'आज नको' म्हणणारा जाणकार डोळा नव्हता. परवाने आणि तपासण्या यांचा कंटाळा येतो हे खरे, यादवांच्या विमानाने त्यात किती वर्षे घालवली हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तरी इंजिनासारखा मोठा बदल केल्यावर जुना परवाना तसाच चालतो असे समजू नये. बदलाचा आराखडा, माउंटची गणिते, वजनाचा नवा तक्ता आणि फायरवॉलच्या प्रत्येक भोकाचे छायाचित्र घेऊन पुन्हा डीजीसीएपुढे जायचे. छायाचित्रे ठिगळ बसवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळची हवीत. इंजिन बसल्यावर ती जागा कुणालाच दिसत नाही, तपासणाऱ्यालाही नाही.

वजन नव्याने करायचे तेही तिन्ही चाकांखाली वेगवेगळे काटे ठेवून, विमान समतल करून. कागदावरचा हिशेब आणि काटा यांत चार-पाच किलोंचा फरक पडतोच. तो कुठून आला हे सापडेपर्यंत पुढे जायचे नाही.

पहिल्यांदा इंजिन चालवताना विमान पक्के बांधलेले असावे, काउलिंग काढलेले, आगीचा सिलिंडर हाताशी. दोन-तीन मिनिटे चालवून बंद करायचे आणि प्रत्येक जोडाखाली हात फिरवायचा. मग काउलिंग घालून, दारे-खिडक्या बंद करून, केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड मोजणारे छोटे यंत्र ठेवून पुन्हा. यंत्राचा आकडा शून्याच्या वर सरकला तर इंजिन बंद, आणि एक जण इंजिनाच्या बाजूने प्रखर दिवा धरेल, दुसरा केबिनमध्ये पेडलांखाली डोके घालून प्रकाशाची तिरीप शोधेल. ती हमखास सापडते ती केबलच्या टोपीपाशी किंवा वरच्या कोपऱ्यात, जिथे सीलंटची नळी पोचत नाही.

धावपट्टी लांब, आसपास वस्ती विरळ अशी निवडावी. कोयना धरणाच्या कामासाठी १९५० च्या दशकात झालेली कराडची धावपट्टी या भागात आहे, पण कराड शहर तिला फार लांब नाही. सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी तर वापरातून गेलेली आहे. पहिल्या चाचण्यांसाठी मोकळ्या मुलखातली धावपट्टी शोधून थोडा प्रवास करावा लागला तरी करावा.

पहिले दहा तास उडून झाले की काउलिंग पुन्हा काढायचे. माउंटच्या चार बोल्टांची पकड, ठिगळांच्या रिव्हेटांभोवती काळी रेघ आली आहे का, सीलंट कुठे सुटले आहे का, बाहीची टोके तेलकट झाली आहेत का, एवढे पाहायचे. काळी रेघ म्हणजे रिव्हेट सैल होऊन पत्रा घासतो आहे. ते रिव्हेट काढून एक माप मोठे घालायचे आणि पुढच्या दहा तासांनी परत बघायचे.